दांडी आणि टोक : प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याच्या किराणा दुकानात टूथब्रश मागितला की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘कितीवाला देऊ?’ मऊ की कडक, लहान डोक्याचा की मोठ्या, हे प्रश्न त्यानंतरचे, आणि बहुतेक वेळा ते निघतच नाहीत. गिऱ्हाईक काचेच्या बरणीतले दोन-तीन ब्रश उलटेपालटे करतं, दांडीचा रंग पाहतं आणि पैसे देतं. घरात पाच माणसं असतील तर पाच रंग हवेत, एवढीच काय ती निवड. नागपूरच्या मॉलमध्ये दीडशे रुपयांचा ब्रश घेणारा माणूसही याहून फार वेगळं काही करत नाही. त्याच्या दांडीवर रबराची नक्षी जास्त असते, इतकंच.

हे पुस्तक या सवयीच्या विरोधात लिहिलं आहे. आपण दांडी पाहून ब्रश घेतो, पण तोंडात काम करतं ते तंतूचं टोक. केसाएवढ्या जाड तंतूचं शेवटचं टोक गोल आहे की धारदार, तो तंतू किती लांब आणि किती जाड, आणि तो डोक्यात कसा रोवलाय, यावर ब्रशाचं बरंवाईट ठरतं. यातलं काहीच वेष्टनावर धड लिहिलेलं नसतं. ते समजून घ्यायचं तर ब्रश कसा आखतात आणि कसा बनवतात हे पाहावं लागतं.

आपल्या भागात हे न दिसणं तसं नवीनच आहे. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या या पट्ट्यात सकाळच्या मुखारीला बाभळीची नाहीतर कडुनिंबाची काडी तोडणारी माणसं अजूनही भेटतात. काडी तोडायची, काटे खरवडायचे, एक टोक दातांखाली चावून त्याचा कुंचला करायचा. वापरणाराच कारागीर, आणि दात हेच त्याचं हत्यार. कुंचला कडक वाटला तर आणखी दोन मिनिटं चावायचं. आकार, लांबी, मऊपणा, सगळं ज्याच्या त्याच्या तोंडाच्या मापानं.

पण म्हणून त्यात नियम नव्हते असं नाही. सुश्रुतसंहितेत दातवणाचं चक्क मोजमाप दिलं आहे. लांबी बारा अंगुळं, जाडी करंगळीएवढी, काडी सरळ, गाठी नसलेली, ताजी. कडू झाडांत निंब उत्तम, तुरटांत खैर, तिखटांत करंज, गोडांत मधूक. आजच्या कारखान्यात ज्या कागदावर मालाचं माप, पदार्थ आणि दोष लिहिलेले असतात, तो हाच कागद. त्याहून मजेदार नियम बौद्ध भिक्षूंच्या विनयग्रंथात आहेत. तिथे दातवण आठ अंगुळांपेक्षा लांब नको असं सांगितलं आहे, कारण काही खोडकर भिक्षू लांब काड्यांनी श्रामणेरांना, म्हणजे शिकाऊ भिक्षूंना, झोडपत. आणि चार अंगुळांपेक्षा आखूडही नको, कारण आखूड काडी एकाच्या घशात अडकली होती. एखादी वस्तू वापरात कुठे घात करू शकते हे पाहून तिची मापं बांधणं, याला आज उत्पादनसुरक्षा म्हणतात. असे भिक्षू आपल्या भागातही होते. कोंढ्याहून पवनी जवळच. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप निघाला. त्या स्तूपाच्या आसऱ्यानं राहिलेल्या भिक्षूंच्या काड्या अर्थातच मातीत मिळून गेल्या. ब्रशाच्या बाबतीत पुढच्या काळातल्या उत्खनकांची अशी अडचण होणार नाही.

काडी रोज नवी, वापरली की फेकायची. एकदा तोंडात घातलेली वस्तू उष्टी, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंडात कशी घालायची, हा आपल्याकडच्या जुन्या घरांचा ब्रशावरचा खरा आक्षेप होता. जुने ब्रश डुकराच्या केसांचे असत, तो प्रश्न तर त्याच्याही आधीचा. या रोज फेकण्याला अपवाद करणारा एक माणूस मात्र होता. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात काकासाहेब कालेलकर गांधीजींबरोबर होते आणि त्यांच्यासाठी रोज निंबाची काडी ठेचून देत. वापरलेलं टोक कापून तीच काडी उद्या पुन्हा वापरायची, असं गांधीजींनी सांगितलं. इथे झाडं भरपूर आहेत, असं कालेलकरांनी म्हणून पाहिलं, पण काडी पार वाळून निकामी होईपर्यंत ती टाकायचा आपल्याला हक्क नाही, असं उत्तर मिळालं. दातवण पुन्हा पुन्हा वापरण्याजोगं करण्याचा हा प्रयोग कुठल्याही कंपनीच्या संशोधन विभागाइतकाच गंभीर होता.

केसांचा ब्रश चीनमधून आला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिथे डुकराच्या मानेवरचे राठ केस हाडाच्या किंवा बांबूच्या दांडीत बसवत. १७८० च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम ॲडिस यानं बैलाच्या हाडाच्या दांड्यांचे ब्रश धंदा म्हणून बनवायला घेतले, आणि दीडशे वर्षं त्या रचनेत फारसा बदल झाला नाही. प्राण्याच्या केसाचं दुखणं असं, की तो आतून पोकळ असतो. पाणी धरतो, वाळत नाही, जंतू पोसतो आणि टोकाशी चिरत जातो. त्यावर उतारा निघाला रसायनशाळेत. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली १९३५ साली नायलॉन तयार झालं आणि २४ फेब्रुवारी १९३८ ला नायलॉन तंतूंचा पहिला ब्रश विक्रीला आला. नायलॉन म्हटलं की मोजे आठवतात, पण ते देशभर विकले जाऊ लागले १९४० साली. बाजारात आधी आला तो ब्रश. कॅरोदर्स मात्र तो पाहायला नव्हते. १९३७ मध्येच त्यांनी जीव दिला होता. पुढे महायुद्धात चीनमधून येणारे केस अडले आणि नायलॉनला वाट मोकळी झाली.

आपल्याकडे काडी आणि ब्रश यांच्या मधे एक मोठा काळ बोटाचा आणि पावडरीचा आहे. राखुंडी, मीठ-कोळसा, मग माकडछाप काळं दंतमंजन, नाशिकची बिटको पावडर, १९५२ साली केशव विष्णु पेंढरकरांनी सुरू केलेल्या विको कंपनीचं वज्रदंती. विकोचा एक कारखाना नागपुरातही निघाला. त्याच १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. ज्या घरांत ब्रश अजून शिरला नव्हता त्या घरांतही बिनाका या टूथपेस्टचं नाव दर बुधवारी ऐकू येऊ लागलं. गाण्यांनी पेस्ट आणली आणि पेस्टनं ब्रश. बोटावर पेस्ट घेऊन पाहिलेल्या कुणालाही याचं कारण सांगावं लागणार नाही.

आता तंतूकडे. पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग यावर आहे आणि तो मी मुद्दाम मोठा ठेवला आहे.

चांगल्या ब्रशाचा तंतू बहुधा नायलॉन ६.१२ या जातीचा असतो. साधं नायलॉन ६ स्वस्त पडतं, पण ते पाणी पितं. पुरतं भिजलं तर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी धरतं आणि लुळं पडतं. ६.१२ सुमारे ३ टक्क्यांवर थांबतं. म्हणून दुकानात कोरडा असताना ताठ वाटणारा स्वस्त ब्रश तोंडात गेल्यावर मिनिटाभरात मऊ होतो आणि पंधरवड्यात फेंदारतो. वितळलेलं नायलॉन बारीक छिद्रांतून ओढून, पाण्यात थंड करून, मग मूळ लांबीच्या तीन-चार पट ताणतात. या ताणण्यानं आतले रेणू एका दिशेला लागतात आणि तंतूला वाकून परत सरळ होण्याची ताकद येते. ताणणं कमी पडलं तर ब्रश दिसायला तोच, पण एकदा वाकला की वाकलेलाच.

जाडीचा हिशेब फार कडक आहे. मऊ ब्रशाचा तंतू साधारण ०.१५ ते ०.१८ मिलिमीटर, मध्यम ०.२० च्या आसपास, कडक त्याहून वर. फरक नगण्य वाटतो. पण वाकायला लागणारा जोर जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. ०.१५ चा तंतू ०.२० केला तर तो तिपटीहून जास्त ताठ होतो. लांबीचं गणित उलटं, आणि तिसऱ्या घाताचं. १२ मिलिमीटरचा तंतू १० वर कापला की ताठपणा पावणेदोन पट. म्हणजे एकाच तंतूच्या लडीतून, नुसती कात्री वरखाली करून, मऊ आणि कडक असे दोन्ही ब्रश निघू शकतात. ‘सॉफ्ट’ हा शब्द छापणं सोपं आहे. तो खरा ठरवायला जाडी, लांबी आणि एका छिद्रातले तंतू हे तिन्ही जुळावे लागतात.

कडक ब्रश म्हणजे जास्त स्वच्छ, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. विटेच्या भुकटीनं आणि राखेनं दात घासलेल्या पिढ्यांना काहीतरी खरखरल्याशिवाय दात घासल्यासारखं वाटत नाही. पण दातावरचा थर मऊ असतो, तो खरवडायची गरज नसते. कडक तंतू आडवा रेटल्यानं हिरडी मागे सरते आणि दाताच्या मानेशी खाच पडते. न्यू ऑर्लीन्सचे चार्ल्स बास हे दंतवैद्य नव्हते, औषधवैद्यकाचे डॉक्टर होते. त्यांनी १९४८ साली ब्रश कसा असावा यावर एक निबंध लिहिला आणि तंतूची जाडी सांगितली सात हजारांश इंच, म्हणजे ०.१८ मिलिमीटर, टोकं गोल केलेली. आजचा मऊ ब्रश अजून त्या आकड्याच्या आसपासच आहे. हिरडीच्या कडेला ४५ अंशांत ब्रश धरून हलकेच हलवण्याची जी पद्धत दंतवैद्य शिकवतात, तिला बास यांचंच नाव आहे.

टोक गोल करणं हे ब्रशाच्या कारखान्यातलं सगळ्यात कमी दिसणारं काम. तंतू कापला की त्याला कड येते, आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली फोडलेल्या काचेसारखी दिसते. म्हणून कापल्यावर ब्रशाचं डोकं फिरत्या पॉलिश-चकत्यांवरून नेतात, एकामागून एक, आधी खरखरीत मग बारीक, म्हणजे प्रत्येक टोक घुमटासारखं व्हावं. एका ब्रशात अशी दीड ते अडीच हजार टोकं. वेळ वाचवायचा तर इथेच वाचतो, कारण गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. बाजारातले ब्रश तपासणाऱ्या दंतवैद्यकातल्या अभ्यासांत नीट गोल झालेल्या टोकांचं प्रमाण ब्रशागणिक फार वेगवेगळं सापडतं. किमतीवरून त्याचा अंदाज बांधता येतोच असं नाही. निमुळत्या टोकांचे जे ब्रश आता ‘अतिमऊ’ म्हणून येतात त्यांची गोष्ट वेगळी. ते पीबीटी नावाच्या पॉलिएस्टरचे असतात, आणि टोकं गरम कॉस्टिक सोड्यात बुडवून विरघळवत बारीक केलेली असतात.

मग हे तंतू दांडीत बसवायचे. इथे भंडाऱ्याच्या वाचकाला ओळखीची एक गोष्ट भेटेल. ब्रशाच्या डोक्यात तीस-चाळीस आंधळी छिद्रं असतात, आरपार नसलेली. टफ्टिंगचं यंत्र तंतूंची चिमूट उचलतं, मधोमध दुमडतं, दुमडीत धातूच्या पट्टीचा कपटा घालतं आणि तो गुच्छ छिद्रात ठोकतं. पट्टी छिद्रापेक्षा किंचित रुंद असते, तिच्या कडा प्लॅस्टिकच्या भिंतीत रुततात. गोंद नाही, टाका नाही. मिनिटाला शेकडो गुच्छ. ही पट्टी पितळेची असते नाहीतर जर्मन सिल्व्हरची, म्हणजे निकेल मिसळलेल्या पितळेची. ज्या जिल्ह्याचं नाव पितळेच्या भांड्यांसाठी घेतलं जातं, तिथल्या प्रत्येक तोंडात रोज सकाळी पितळेचे तीस-चाळीस कपटे जातात, आणि कुणाच्या गावीही नसतं.

ही यंत्रं बनवणारी नावं जगात मोजकी. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या टोड्टनाऊ गावची झाहोरान्स्की, १९०२ पासूनची, आणि बेल्जियमच्या इझेगेममधली बूशेरी. दोन्ही गावं मुळात कुंचले-झाडू बनवणाऱ्यांची. ब्रश वळणाऱ्या हातांनीच पुढे यंत्रं केली. झाहोरान्स्कीचं एक युनिट कोइम्बतूरला आहे. पट्टीशिवाय, गुच्छाचं मागचं टोक वितळवून दांडीत गोठवण्याची पद्धतही या यंत्रांवर आता चालते. त्यामुळे छिद्रं हव्या त्या आकाराची करता येतात.

दांडीचं काम त्या मानानं सरळ. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे तापवून पोलादी साच्यात दाबानं भरायचे, पाण्यानं थंड करायचे, साचा उघडायचा. एका फेरीत अनेक दांड्या. छिद्रंही याच साच्यातल्या सुयांमुळे पडतात, आणि साच्याची खरी परीक्षा त्या सुयांत असते. एक सुई केसभर वाकडी झाली की त्या छिद्रातला गुच्छ सैल. अंगठ्याखालचा रबरी भाग दुसऱ्या फेरीत, दुसऱ्या पदार्थाचा, त्याच दांडीवर ओततात. दांडीच्या टोकाला एक बारीकसा ठिपका सापडेल, प्लॅस्टिक साच्यात शिरलं ते दार तेच. साचेकामात हात घालावा असं ज्या पोरांना वाटतं त्यांनी चंद्रपूरच्या सीपेट या प्लॅस्टिक-प्रशिक्षण केंद्राची चौकशी जरूर करावी. दांडीच्या प्रकरणात मी आकृत्या जास्त दिल्या आहेत त्या त्यांच्यासाठीच.

ब्रश पास की नापास हे ठरवायला आयएसओ २०१२६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात एक गुच्छ उपटायला निदान १५ न्यूटन जोर लागला पाहिजे, म्हणजे साधारण दीड किलो वजन त्याला टांगून चाललं पाहिजे. दांडीची मार सोसायची चाचणी वेगळी. विनयातल्या घशात अडकलेल्या काडीची आठवण इथे यावीच, कारण निसटलेला गुच्छ लहान मुलाच्या घशात जाऊ नये हाच या आकड्यामागचा हेतू.

नागमोडी तंतू, रंग उडणारे तंतू, मागे जीभ घासायचे काटे, वाकणारी मान, यांवर एक छोटं प्रकरण आहे आणि ते छोटंच राहू दिलं आहे. यातल्या काही गोष्टी उपयोगी आहेत. रंग उडणारा तंतू ब्रश बदलायची आठवण देतो, हे चांगलंच. बाकी बराचसा खटाटोप दुकानातल्या काचेसाठी आहे असं माझं मत. डोकं लहान, तंतू मऊ, टोकं गोल आणि दोन मिनिटं दिलेला हात, एवढं असेल तर वीस रुपयांचा ब्रश कुठेच कमी पडत नाही. खर्ऱ्यानं काळे झालेले दात मात्र दोनशेच्या ब्रशानंही गोरे होत नाहीत, आणि खर्रा तोंडाचं जे करतो ते कुठल्याच ब्रशाच्या आवाक्यातलं नाही.

बांबूच्या ब्रशाबद्दल आपल्या भागात उत्सुकता आहे, आणि असायलाही हवी. पूर्व विदर्भ बांबूचा मुलूख. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, पुण्याची बांबू इंडिया कंपनी बांबूच्या दांड्यांचे ब्रश विकते आहे. आपला मानवेल भरीव, म्हणजे दांडीला पुरेशी जाड फळी देणारा. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. बांबू ओला राहिला तर त्याला बुरशी धरते, म्हणून तो नीट वाळवावा आणि सील करावा लागतो. आणि दांडी बांबूची असली तरी तंतू बहुतेक ब्रशांत नायलॉनचेच असतात, त्यांना धरणारी पट्टी धातूची. असा ब्रश उकिरड्यात टाकला तर दांडी कुजेल, बाकीचं राहील. प्लॅस्टिकच्या ब्रशाचं दुखणं हेच, फक्त मोठं. तीन पदार्थ एकमेकांत इतके घट्ट रोवलेले, की भंगारवाला त्यांना हात लावत नाही. जी पकड गुच्छ निसटू देत नाही तीच वस्तू पुन्हा वितळू देत नाही. याला सोपं उत्तर नाही. बदलत्या डोक्यांचे ब्रश हा सध्याचा बरा मार्ग मला वाटतो, पण खेड्यातल्या दुकानात नुसती डोकी कुणी ठेवत नाही.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचलंच पाहिजे असं नाही. इतिहासात रस नसेल तर थेट तंतूच्या प्रकरणावर जावं. एक विनंती मात्र आहे. वाचायला बसण्याआधी घरातला टाकायला काढलेला ब्रश आणि एक पकड घ्यावी आणि एक गुच्छ उपटून पाहावा. किती जोर लागतो ते हाताला कळेल, आणि मुळाशी पितळी कपटा दिसेल. मग उरलेल्या गुच्छांची टोकं भिंगाखाली धरावीत आणि पुढच्या वेळी दुकानदारानं ‘कितीवाला’ विचारलं की आपण आधी विचारावं, मऊ आहे का.